'येऊन जा' असा पोलिसांचा फोन आला तर

पत्र: आमच्या गावात डोंगर कापायला सुरुवात झाली आहे. रविवारच्या ग्रामसभेत माझ्या मुलाने (वय २४, वेर्ण्याला कंपनीत कामाला) विचारले, याला परवानगी कोणी दिली? उत्तर मिळाले नाही. त्याने रस्त्यावर उभे राहून व्हिडिओ काढला, फेसबुकवर टाकला आणि खाली तोच प्रश्न लिहिला. दुसऱ्या दिवशी गावातले वीस-पंचवीस जण फलक घेऊन तासभर तिथे उभे राहिले. मग पोलिसांचा फोन आला, "येऊन जा, साहेबांना बोलायचे आहे, मोबाईल घेऊन ये." कागद नाही, गुन्हा कसला तेही सांगितले नाही. त्याने कामाचे कारण सांगून पुढचा आठवडा मागून घेतला आहे. व्हिडिओत दिसतात म्हणून माझ्या जाऊबाईंनाही बोलावले आहे. शेजारी म्हणतात, पोस्ट काढून टाक आणि माफी माग. यांचे म्हणणे, जायचेच नाही. मुलाच्या नोकरीवर पाणी पडेल या विचाराने मला झोप नाही. काय करू?
एक आई, अंत्रुज (गोवा)

ताई,

तुम्ही लिहिलेल्या तपशिलावरून तरी तुमच्या मुलाच्या हातून गुन्हा घडलेला दिसत नाही. पंचायतीच्या मतदारयादीत ज्याचे नाव आहे तो ग्रामसभेचा सदस्य. तिथे प्रश्न विचारणे हा त्याचा अधिकार आहे, सरपंचांची मेहरबानी नव्हे. तोच प्रश्न फेसबुकवर लिहिणे संविधानाच्या कलम १९(१)(क) मध्ये बसते आणि हत्याराशिवाय, शांतपणे एकत्र जमणे १९(१)(ख) मध्ये.

तरीही शेजाऱ्यांचा सल्ला ऐकू नका आणि यजमानांचाही नको. पोस्ट पुसायची नाही, बोलावणे कानाआड करायचे नाही आणि नुसत्या फोनवर उठून धावायचेही नाही. कागद मागायचा. हक्क संविधानात लिहिलेले आहेत, पण पोलीस स्थानकाच्या दारात ते उपयोगी पडतात ते कागदावरची तारीख, वेळ आणि कलम यांच्या आधाराने. तोंडी बोलावणे नंतर कोणीही नाकारू शकतो. लेखी बोलावणे नाकारता येत नाही.

१ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्यात बोलावण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत आणि दोन्ही लेखी आहेत. कलम ३५(३) ची नोटीस संशयिताला येते. कलम १७९ चा लेखी आदेश प्रकरणाची माहिती असणाऱ्याला, म्हणजे साक्षीदाराला येतो. कलम ३५ ची नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवून चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सतेंदर कुमार अंतिल प्रकरणात जानेवारी २०२५ मध्ये बजावले आणि त्याच वर्षी जुलैत पुन्हा तेच सांगितले. जिथे व्हॉट्सॲप पुरत नाही, तिथे फोनवरचे 'येऊन जा' कुठून पुरणार? कागदावर ३५(३) आहे की १७९, हे पहिल्यांदा बघा. पुढचे सगळे त्यावर ठरते.

आता अर्ज. एका पानाचा, मराठीत, साध्या भाषेत: "दि. ... रोजी सायं. ... वाजता ... या क्रमांकावरून मला पोलीस स्थानकात हजर राहण्यास सांगण्यात आले. तपासात सहकार्य करण्याची माझी तयारी आहे. माझ्याविरुद्ध तक्रार वा प्राथमिक माहिती अहवाल (एफआयआर) नोंद असल्यास त्याचा क्रमांक व कलमे कळवावीत आणि मला कोणत्या कलमाखाली बोलावले आहे याची लेखी नोटीस द्यावी. नोटीस मिळताच मी वकिलांसह हजर राहीन." दोन प्रती काढा. एक द्यायची, दुसरीवर आवक शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही घ्यायची. शिक्का द्यायला टाळाटाळ झाली तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने निरीक्षकांना आणि प्रत जिल्हा पोलीस अधीक्षकांना पाठवा. पोस्टाची पावती जपून ठेवा. मागून घेतलेला आठवडा संपायच्या आत हे झाले पाहिजे. गप्प बसलात तर 'संशयित सहकार्य करत नाही' असे लिहायला जागा मिळते. अर्ज दिलात की ती जागा उरत नाही.

या काळजीमागे कारण आहे. १९९४ साली जोगिंदर कुमार नावाच्या २८ वर्षांच्या वकिलाला गाझियाबादच्या वरिष्ठ पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयात असेच 'चौकशीसाठी' बोलावून ठेवून घेतले, आणि तो कुठे आहे याचा घरच्यांना दिवसेंदिवस पत्ता नव्हता. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अटकेचा अधिकार असणे वेगळे आणि तो वापरण्याचे समर्थन असणे वेगळे. नुसता आरोप झाला म्हणून अटक करायची नसते.

नोटीस आली तर मात्र दिलेल्या दिवशी, दिलेल्या वेळी जायचेच. ३५(३) च्या नोटिसीप्रमाणे हजर राहणाऱ्याला त्या गुन्ह्यात अटक करता येत नाही. करायची झाली तर अधिकाऱ्याला कारणे लेखी नोंदवावी लागतात. नोटीस चुकवली तर हे कवच जाते. लोक नेमके इथे फसतात. पहिल्या तारखेला जातात, दुसऱ्या तारखेला कामाची पाळी म्हणून राहतात आणि कळवतही नाहीत. कामाची अडचण असेल तर आदल्या दिवशी लेखी कळवून दुसरी तारीख मागा.

जाताना वकील बरोबर असावा. नंदिनी सत्पथी प्रकरणात (१९७८) सर्वोच्च न्यायालयाने चौकशीच्या वेळी वकील जवळ ठेवू द्यावा असे म्हटले आहे. अटक झालेल्याला तर चौकशीदरम्यान वकिलाला भेटण्याचा हक्क कलम ३८ नेच दिला आहे, मात्र चौकशीच्या सबंध वेळात वकील शेजारी बसेल असे नाही. वकिलाची फी परवडत नसेल तर १५१०० या विधी सेवेच्या क्रमांकावर फोन करा किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिला आणि कोठडीत असलेली व्यक्ती यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. अनुसूचित जाती-जमाती, अपंग, औद्योगिक कामगार अशा आणखी काही गटांनाही तो तसाच मिळतो. बाकीच्यांना उत्पन्नाची अट लागते.

चौकशीत ज्या उत्तराने स्वतःवर आरोप ओढवेल ते द्यायला तो बांधील नाही. संविधानाचे कलम २०(३) आणि संहितेचे कलम १८० दोन्ही हेच सांगतात. नाव, पत्ता मात्र खरा सांगावा. खोटे काही सांगू नये. 'याचे उत्तर मी वकिलांशी बोलून देईन' हे वाक्य पुरेसे आहे. कलम १८१ बहुतेकांना माहीत नसते. पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबानीवर सांगणाऱ्याची सही घेताच येत नाही. सही मागितली तर हे कलम नम्रपणे दाखवा. पंचनामा, अटकेचा मेमो, जामिनाचा बाँड हे कागद वेगळे, त्यांवर सह्या लागू शकतात. त्या करण्याआधी पूर्ण वाचा, रिकाम्या जागांवर रेघ मारा, सहीखाली तारीख आणि वेळ लिहा. कोऱ्या कागदावर सही कधीच नाही. 'माफीनामा लिहून दे, विषय मिटव' असे गोड शब्दांत सांगितले जाईल. तसा माफीनामा पुढे कबुलीसारखा नाचवला जातो, म्हणून वकिलाने वाचल्याशिवाय एक ओळही लिहून देऊ नये.

तुमच्या पत्रातले सगळ्यात गंभीर वाक्य माझ्या मते 'मोबाईल घेऊन ये' हे आहे. त्या मोबाईलमध्ये फक्त डोंगराचा व्हिडिओ नाही. घरची बोलणी आहेत, बँक आहे, गावातल्या सगळ्यांचे क्रमांक आहेत. २०१७ मध्ये पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले, ते अशाच ठिकाणी कामी येते. लेखी आदेश नसताना मोबाईल घरी ठेवून जाणे हा गुन्हा नाही. संहितेचे कलम ९४ वस्तू वा कागद हजर करायला सांगते आणि आता त्यात मोबाईलसारखी साधनेही स्पष्टपणे घातली आहेत. पण अशा आदेशाने संशयितालाच स्वतःविरुद्धचा पुरावा आणून द्यायला लावता येत नाही, असे जुन्या संहितेतल्या तशाच कलमावर घटनापीठाने श्यामलाल चोक्सी प्रकरणात १९६४ सालीच ठरवले आहे. पोलीस कलम १०६ खाली मोबाईल जप्त करू शकतात, हेही खरे. तसे झाले तर झटापट करू नका. जप्ती पंचनाम्यावर कंपनी, मॉडेल, आयएमईआय (मोबाईलचा ओळख) क्रमांक, सिमकार्ड, मेमरी कार्ड आणि पंचांची नावे लिहून घ्या आणि प्रत मागा. कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचे दृक्-श्राव्य चित्रण करणे आता बंधनकारक आहे, ते झाले की नाही याची वेळेसह नोंद ठेवा. आयएमईआय क्रमांक आजच वहीत उतरवा; *#०६# डायल केले की पडद्यावर येतो.

पासवर्ड सांगायची सक्ती करता येते का, यावर न्यायालयांची मते अजून एकसारखी नाहीत. बोटाच्या ठशाचे तसे नाही: ठसा देणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणे नव्हे, असे काथी कालू ओघड प्रकरणात १९६१ सालीच ठरलेले आहे. पासवर्डाचा प्रश्न आला तर उत्तर वकिलाने द्यावे.

आणि पोस्ट? ती आहे तशीच राहू द्या. चौकशी सुरू झाल्यावर पुरावा ठरू शकणारी नोंद पुसली तर भारतीय न्याय संहितेच्या (जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या) कलम २४१ खाली नवाच गुन्हा अंगावर येऊ शकतो, आणि तुमच्या मुलाचा बचावही त्याच व्हिडिओत आहे. त्याने काय लिहिले आणि कुठे उभे राहून चित्रण केले, हे तोच सांगतो. मूळ फाइल, काटछाट न केलेली, दुसऱ्या पेनड्राइव्हवर ठेवा. व्हॉट्सॲपवरून स्वतःला पाठवलेली प्रत चालत नाही, कारण त्यात फाइल दाबली जाते आणि चित्रणाची मूळ नोंद जाते. पोस्टचा आणि तिच्याखालच्या सगळ्या प्रतिक्रियांचा, तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. काही माहिती चुकली असेल तर जुनी ओळ बदलू नका, खाली वेगळी दुरुस्ती लिहा.

त्या प्रतिक्रिया मात्र डोळ्यांत तेल घालून वाचा. जमीन कोणी बाहेरच्याने घेतलेली असते तेव्हा गोव्यात अशा पोस्टखाली कोणी ना कोणी त्याच्या प्रांतावरून, भाषेवरून, धर्मावरून शिव्या घालतोच. न्याय संहितेचे कलम १९६ धर्म, जन्मस्थान, निवास, भाषा यांच्या आधारावर गटांत वैर पसरवण्याबद्दल आहे. 'याला परवानगी कोणी दिली' हा प्रश्न त्यात येत नाही, पण 'हाकलून लावा त्यांना' हे येऊ शकते. मुलाने असे काही लिहिले नसेल अशी आशा आहे. इतरांच्या प्रतिक्रिया नोंद ठेवून लपवाव्यात आणि आपला मुद्दा डोंगराविषयी आहे, कोणा समाजाविषयी नाही, असे स्वच्छ लिहावे. हे फक्त कायद्यासाठी नाही, गावासाठीही गरजेचे आहे.

जमिनीचा मालक अब्रूनुकसानीची धमकी देत असेल तर न्याय संहितेचे कलम ३५६ अदखलपात्र आहे. त्याने दंडाधिकाऱ्यांकडे जावे. पोलीस दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास करू शकत नाहीत. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ कोणी तोंडावर फेकले तर ते २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल निकालाने रद्द झाले आहे. तीन वर्षे वा अधिक पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) खाली उपअधीक्षकांच्या परवानगीने १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते, आणि बोलण्या-लिहिण्याशी संबंधित तक्रारींत ती आधी करणे योग्य, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये इम्रान प्रतापगढी प्रकरणात म्हटले. त्या प्रकरणात कवितेवरून गुन्हा नोंदवला होता, तो रद्द झाला. वकिलांना हा निकाल जरूर दाखवा.

फलक घेऊन उभे राहण्याबद्दल. परवानगीशिवाय जमलात, असे ऐकवले जाईल. सभा-मोर्चाचे नियमन करता येते, पण रस्त्यावर सभाच नको असे सरसकट म्हणता येत नाही, हे हिंमतलाल शहा निकालाने १९७२ पासून ठरलेले आहे. दोन गोष्टी तपासा. त्या दिवशी, त्या भागात जिल्हाधिकाऱ्यांचा कलम १६३ खालचा (पूर्वीचे १४४) आदेश होता का? असल्यास त्याची प्रत मिळवा. असा आदेश साधारणपणे दोन महिन्यांपलीकडे चालत नाही, तो जाहीर करावा लागतो आणि मतभेद दाबण्यासाठी वापरता येत नाही, असे अनुराधा भसीन निकालात जानेवारी २०२० मध्ये म्हटले आहे. दुसरे म्हणजे कोणी ट्रक अडवला का, फाटकाच्या आत पाऊल टाकले का? ट्रक अडवणे म्हणजे गैरकायदा अटकाव, आत शिरणे म्हणजे अतिक्रमण. यात तक्रारदाराचा कागद पक्का होतो आणि डोंगराचा प्रश्न बाजूला पडतो. पुढच्या वेळी रस्त्याच्या कडेला, सार्वजनिक जागेत उभे राहा, वाहनांना वाट मोकळी ठेवा, आणि तारीख, वेळ, अंदाजे संख्या लिहून आदल्या दिवशी पोलीस स्थानकात पत्र द्या.

सभेला परवाना लागण्याचा जाच गोव्याने भोगलेला आहे. १८ जून १९४६ रोजी मडगावात राममनोहर लोहिया आणि ज्युलियांव मिनेझिस यांनी मोडली ती सभाबंदीच होती. कलम १९ या भूमीला मिळाले ते १९६१ च्या मुक्तीनंतर. म्हणून तासभर फलक धरलेल्या पोराला 'तू काय मोठा पुढारी लागून गेलास' असे घरात कोणी म्हणू नये, ही माझी कळकळीची विनंती.

समजा अटक झालीच. मग घड्याळ बघा आणि हे क्रमाने करा. अटकेची कारणे लेखी आणि त्याला समजणाऱ्या भाषेत मागा. मिहीर शहा प्रकरणात नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे सर्व गुन्ह्यांना लागू केले आहे आणि लगेच देता आली नाहीत तरी रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी ती हातात पडली पाहिजेत. अटकेच्या मेमोवर घरचा माणूस किंवा गावातला प्रतिष्ठित साक्षीदार आणि स्वतः मुलगा यांची सही लागते; मेमोवर अटकेची खरी वेळ आहे ना ते पाहा, कारण २४ तास तिथून मोजले जातात आणि सकाळी दहाला बसवून ठेवलेल्याची अटक संध्याकाळी सहाची दाखवली की आठ तास गायब होतात. म्हणूनच आत जाताना घरी फोन करून वेळ सांगायची आणि ती तुम्ही वहीत लिहायची. वैद्यकीय तपासणी होते तेव्हा अंगावर मार असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगायचे. २४ तासांच्या आत, प्रवासाचा वेळ वगळून, दंडाधिकाऱ्यांपुढे उभे केलेच पाहिजे. गुन्हा जामीनपात्र असेल तर जामीन हा हक्क आहे, विनवणी नाही. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत अटक आपोआप होत नसते; अर्नेश कुमार निकाल, २ जुलै २०१४.

गावच्या आंदोलनांत अटकेपेक्षा जास्त वापरले जाते ते 'चॅप्टर'. कलम १७० खाली दिवसभर धरून ठेवायचे आणि कलम १२६ खाली मामलेदार किंवा उपजिल्हाधिकाऱ्यांपुढे शांतता राखण्याचा बाँड लिहून घ्यायचा. १७० मध्येही २४ तासांचीच मर्यादा आहे. बाँडच्या आधी कारणे दाखवा आदेश मिळतो, त्यात माहितीचा सारांश आणि बाँडची रक्कम असली पाहिजे. तो घ्या, उत्तर द्यायला तारीख मागा. गर्दीत 'सही करून घरी जा' म्हटले की माणूस करतो, आणि पुढचे कित्येक महिने त्याच बाँडची भीती दाखवली जाते.

नोकरीचे म्हणाल तर पोलिसांचा फोन म्हणजे खटला नव्हे. कंपनीच्या वा पासपोर्टच्या अर्जात 'गुन्हा प्रलंबित आहे का' असे विचारले तर आज, काहीही नोंद नसताना, 'नाही' हेच खरे उत्तर आहे. नोंद झाली तर ते लपवू नये. प्राथमिक माहिती अहवाल २४ तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिलेला आहे, संवेदनशील गुन्ह्यांचा अपवाद सोडून. तिथे अधूनमधून पाहत राहा.

पोलीस स्थानकात दमदाटी किंवा मारहाण झाली तर त्याच दिवशी अधीक्षकांना लिहा आणि सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवण्याची मागणी त्यात करा. परमवीर सैनी निकालाने (२०२०) प्रत्येक पोलीस स्थानकात कॅमेरे आणि १८ महिन्यांपर्यंतचे चित्रण सांगितले आहे, पण न मागता ते कोणी वेगळे काढून ठेवत नाही. माणसाच्या जीविताशी वा स्वातंत्र्याशी संबंधित माहिती, माहिती अधिकाराखाली मागितल्यावर ४८ तासांत द्यावी लागते. अर्जावर तसे ठळक लिहा. त्यापुढे राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण, मानवी हक्क आयोग (घटनेपासून एका वर्षाच्या आत) आणि पर्वरीचे उच्च न्यायालय आहे.

मूळ प्रश्न मात्र वाऱ्यावर सोडू नका. नगरनियोजन कायद्याच्या कलम १७अ प्रमाणे डोंगर कापायला मुख्य नगरनियोजकांची आगाऊ लेखी परवानगी लागते. जमिनीचा एक-चौदाचा उतारा काढा, सर्व्हे क्रमांक आणि उपविभाग घ्या आणि त्या क्रमांकावर अशी परवानगी दिली आहे का, दिली असल्यास तारीख, अटी आणि नकाशा, एवढेच नगरनियोजन खात्याकडे माहिती अधिकारात मागा. उत्तराला ३० दिवस. पंचायतीकडून त्या ग्रामसभेच्या इतिवृत्ताची प्रमाणित प्रत घ्या. मुलाचा प्रश्न त्यात लिहिलेला नसेल तर पुढच्या ग्रामसभेत इतिवृत्त कायम होण्याआधी लेखी हरकत द्या.

जाऊबाईंचा अर्ज वेगळा करा, मुलाच्या अर्जात त्यांचे नाव घालू नका. कलम १७९ प्रमाणे महिलेला साक्षीसाठी राहत्या घराबाहेर कुठेही बोलावता येत नाही. १५ वर्षांखालील मुलगा, ६० वर्षांवरील पुरुष, अपंग आणि गंभीर आजारी व्यक्ती यांनाही हीच सवलत आहे, म्हणून तुमचे यजमान साठीपुढे असतील आणि उद्या त्यांनाही फोन आला तर त्यांनाही ती लागू होते. अर्जात लिहा: "माझ्याकडील माहिती कलम १७९ प्रमाणे माझ्या राहत्या घरी, महिला पोलीस कर्मचाऱ्याच्या उपस्थितीत नोंदवावी. मी ... ते ... या वेळेत घरी असते." पोलीस आले की घरात आणखी दोन माणसे असू द्या, आलेल्यांची नावे आणि हुद्दे विचारून लिहून घ्या, आणि जाऊबाईंनीही जबानीवर सही करायची नाही.